धडा

गुजरीत बेचाळीस वर्षं
सोनं जोखताना आधी पंखा बंद करायचो.
काचेच्या पेटीतला काटा
गिऱ्हाइकाच्या उसाशानंही हलायचा.
आता डॉक्टर मगदूमांनी साखरेचा कागद पुढ्यात टाकला
आणि लेकीनं पुण्याहून हा पांढरा काटा धाडला,
बशीएवढा, सेलवर चालणारा.

परातीतलं पीठ : साठ ग्रॅम.
भाजल्यावर जोखू नका बाबा, ती फोनवर सांगते,
पाण्याला कॅलरी नसते.
मला हे नवं नाही.
मण्यातली लाख सोन्यात धरायची नाही,
आमच्यात शेंबडं पोरही शिकतं.

वाटी ठेवायची, बटण दाबायचं, शून्य.
आम्ही याला धडा करणं म्हणायचो.
दुसऱ्या पारड्यात छर्रे टाकत बसायचं,
भांडं असून नसल्यासारखं होईस्तोवर.

तांबड्या रश्श्याचं मात्र जमत नाही.
कट वर, रस्सा खाली,
आणि शालननं धरलेली तेलाची धार
कुठल्या काट्यावर ठेवू?
"किती घातलंस?"
"लागंल तेवढं."
वहीत तसंच लिहिलं.

काल रात्री भाताच्या ताटलीखाली
माझी करंगळी गेली. अलगद.
एकशे चाळीसचे एकशे वीस झाले.
जे कधी एका गुंजेला केलं नाही
ते भाताला केलं.
शालन बघत होती.
"सोनार बी तुम्हीच, गिऱ्हाईक बी तुम्हीच.
लुबाडलं कुणाला ओ?"

आज म्हणून मुद्दाम तिच्यासमोर,
पंखा बंद करून,
भाजलेली भाकरी काट्यावर ठेवली.
चौऱ्याऐंशी.
ती तव्यापुढं पदरानं कपाळ पुसत होती.
"तोळ्यात सांगा की."
"सात. वर थोडं."
"सात तोळं!" ती हसली, मग म्हणाली,
"माझा साज किती भरला होता हो?"

साडेतीन तोळे, दोन गुंजा.
लाख वजा जाता.
पेढी अडली त्या वर्षी मीच जोखला,
असाच, वारं थांबवून,
आणि मीच मुशीत घातला.

मी म्हणालो, आठवत नाही.

ती उठली. ओल्या बोटानं
पंख्याचं बटण दाबलं.
परातीतलं पीठ उडालं, वहीची पानं फडफडली.
आकडा चौऱ्याऐंशीवरच.

"जेवा," म्हणाली, "निवायलीय."