पावती पुस्तक

तालमीच्या माडीवर, लेझमांच्या ढिगामागं
सापडली पायपेटी.
भाता फाटलेला, काळी चार मुकी,
आत उंदरानं रचलेलं घर
आणि त्या घरात एका तिकिटाचा तुकडा:
मागची बाजू, चार आणे.

आम्ही पावती पुस्तक छापलं.
सुरुवात गंगावेशीतनं. कट्ट्यावर
म्हशीची धार काढता काढता
बंडा शेळके म्हणाला, "पेटी कशाला रं?
डॉल्बी लावा की."
तरी शंभर दिले, वर पेलाभर फेस.

पापाच्या तिकटीला सातपुत्यांनी
पैसे दिलेच नाहीत. कमावलेलं कातडं दिलं भात्याला.
"आमच्या चपलेगत करकरणार न्हाई," म्हणाले,
"हिला बोलायला दुसरं हाय."

दस्तगीर मिस्त्रींना दिसत नाही फारसं.
पितळी सूर कानाशी धरून
फुंकर घातली, ऐकत राहिले.
"बसलाय," म्हणाले. "मेला न्हाई."
मजुरीचं विचारलं, तर चहा मागवला.

बुधवार पेठेत कांडपाची गिरणी.
खकाण्यात आम्ही शिंकत उभे,
शेवंताक्कानं डंख थांबवला,
पदरानं हात पुसून पाचशेची नोट काढली.
"नाव?"
"माझं नको. आईचं घाला. कृष्णी."
"आडनाव?"
ती हसली.
"नटाचा घसा बसला की
पदं हीच म्हणायची, पडद्याआडनं.
टाळ्या भाईरच्याला.
आड तेवढं होतं लेकरा,
नाव न्हवतं."

मी लिहिलं: कृष्णी.
आडनावाची रेघ तशीच मोकळी ठेवली.
पावती फाडून घेताना
तिच्या बोटाचं तिखट कागदाला लागलं.
कार्बनखाली नाव उमटलं,
बोट उमटलं नाही.

काल पेटी लागली.
मिस्त्रींच्या पायाखाली भाता भरत गेला,
आणि काळी चार, इतक्या वर्षांनी,
आधी नुसता वारा,
मग खोकल्यासारखं काहीतरी,
मग सूर.
पोरं मोबाईल काढायचं विसरली.
शेवंताक्का दारातच, पडद्याला धरून.
"फुडं या की," बंडा म्हणाला.
"हितनंच ऐकायची सवय हाय," म्हणाली,
पण पडदा तिनं
हळूच बाजूला सारला.

हिशोब अजून लागत नाही.
दोन हजार तीनशे कमी पडतायत.
उद्या शाहूपुरीकडं जाऊ.