दर तिसाव्या सेकंदाला

धंतोलीतलं हॉस्पिटल, तळमजला, मे महिना.
सर्व्हरच्या खोलीतला एसी तेवढा शाबूत,
म्हणून रात्रपाळीचे वॉर्डबॉयही डबे घेऊन इथेच.
वर कोणी एक्स-रे उघडला की
आधी खांदे उतरतात, मग चित्र थबकतं.
तीन सेकंद.
मग फासळ्या.

गजभियेभाऊ म्हणाले, वायर बदलून टाकू बावा.
बदलली.
थबकणं तसंच, दर तिसाव्या सेकंदाला,
त्यावर घड्याळ लावून घ्यावं असं.

मग मी नुसती ऐकत बसले.
अठरा राउटर, प्रत्येकाची सवय एकच:
तीस सेकंद झाले की ओरडायचं,
मी आहे, माझ्याकडून हे हे रस्ते जातात.
मार्चमध्ये बसवले तेव्हा
कोणी आत्ता, कोणी जरा थांबून,
गल्लीतल्या दूधवाल्यांसारखे सुटे सुटे.
आता सगळे एकदम,
आणि त्या गलक्यात फासळ्या अडकलेल्या.

कोणी शिकवलं नाही त्यांना.
भांडणातून झालं नाही, ऐकण्यातून झालं:
शेजारी बोलत असला की हा थांबतो,
त्याचं पुरतं ऐकून घेतो,
मगच आपलं घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो.
दोघांचं जुळलं की तिसरा ओढला जातो.
सभ्यपणाच म्हणायचा.

गोळीबार चौकामागे आमच्या गल्लीत अकरा माग होते.
सकाळी जो तो आपल्या वेळेला सुरू,
दुपारपर्यंत एकच खट्,
आणि फळीवरचे पितळी डबे कडेकडे सरकायचे.
बाबा मध्येच धोटा ठेवून तंबाखू मळत बसत.
काहून थांबले? आई विचारायची.
डबे पडतीन ना.

पहाटे तीनला मी एक ओळ बदलली.
तीस नको. पंधरा ते पंचेचाळीसमधलं काहीही,
दर वेळी नवं, फासा टाकल्यासारखं.
आलेखातली सुळक्यांची रांग खचली,
गवतासारखी बारीक, वेडीवाकडी झाली.
वरून सिस्टर नंदनवारांचा फोन:
आल्या फासळ्या. सगळ्या.

झालं काय? गजभियेभाऊ.
थोडं बिघडवलं, म्हटलं, म्हणून झालं.

साडेसातला घरी. कूलरमध्ये पाणी भरता भरता
नवरा आणि मी एकदमच म्हणालो, ऐक ना.
दोघंही गप्प.
मग पुन्हा एकदमच.
मी मनात एक आकडा धरला. सात.
चारवर तोच बोलला:
पाइप जरा वर धर.