तिसरा हिस्सा

पहिलं पाहिलं भोपाळला. पांढरंशुभ्र, नवा रंग,
सीटवर अजून प्लॅस्टिक.
मी पोटाखाली सरपटत गेलो, नख मारलं,
पापुद्रा निघाला, आत भुकटी.
विकणारा म्हणाला, साहेब, विमान वर बघतात, खाली नाही.

मी मोटारी भरतो. धुळ्यात, पाच कंदिलाजवळ.
जळालेल्या पाणबुडीचा वास घेऊन सांगतो
कोण किती खोटं बोलतंय.

दुसऱ्याची वही हरवलेली. पुरात गेली म्हणे.
कोणत्या पुरात, विचारलं,
तर तो आभाळाकडे बघायला लागला.

तिसरं हे.
पिवळं, उन्हानं विटून वरणाच्या रंगाला आलेलं,
दोन सीटा, एक दार सुतळीनं बांधलेलं,
इंजिनाचे तास सरत आलेले.
पण वही पुरी. चव्वेचाळीस वर्षांची.
त्यात कुणा बेहरामजींच्या तिरक्या अक्षरात:
‘उतरताना तीन उड्या. चूक माझी. वारा नव्हता.’
त्या एका ओळीवर इसार दिला.

एक हिस्सा यावलच्या डॉक्टर हेमलता भारंबेंचा, दातांच्या.
एक लियाकत पिंजारीचा, जिनिंगवाल्या.
तिसरा माझा.
शेजारचा वाल्मीक म्हणाला, ‘कसाले जोयजे रे भो तुले इमान?’
उत्तर नव्हतं. अजून नाही.

घेणं स्वस्तच. दोन ट्रॅक्टर, एक ट्रॉली, एवढंच.
बाळगणं सुरू झालं तेव्हा कळलं:
विमा, शेडचं भाडं,
सहीवाला इंदूरहून येतो, त्याची फी, त्याचं गाडीभाडं, त्याची शेवभाजी;
पेट्रोल पिंपातून येतं
आणि कागद पिंपाहून जड.
हरभऱ्याएवढा एक नट, चौदाशे रुपयांचा.
तसाच दिसणारा माझ्या दुकानात चार रुपयांना.
दोन्ही तळहातावर घेऊन रात्री उशिरापर्यंत बसलो.
चार रुपयांचा नाही लावला.
पण बसलो होतो, हे कुमुदच्या वहीत नाही.

तिच्या वहीत दूध, किराणा, गॅस,
आणि शेवटचा एक रकाना, वर्षभर बिननावाचा.
दिवाळीत तिनं त्यावर लिहिलं: ‘वरचा खर्च’.

पहिल्या वर्षी उडालो अकरा तास.
उरलेले आठ हजार सातशे एकोणपन्नास
ते ताडपत्रीखाली, गोंदूरला.
पंखाच्या सावलीत एक कुत्री व्यायली.

मे महिन्यात आमच्याकडची हवा ताकासारखी पातळ होते,
पंखाला धरायला काही उरत नाही.
टाकी अर्धी, माणसं तोलून.
म्हणून कुमुद लियाकतच्या काट्यावर उभी राहिली, चपला काढून,
कापसाच्या.
हमाल उगाच दुसरीकडे बघत राहिले.
‘अडुसष्ट,’ लियाकत हळू बोलला.
‘कापूस असते तर घट धरली असती,’ ती म्हणाली.

पावणेसहाला निघालो. पट्टी संपत आली,
मग संपलीच, असं वाटलं, आणि चाकांचा आवाज गेला.
लळिंगचा डोंगर कुशीवर वळला.
पांझरा, पाणी नसलेली, वाळूतून पुढे पुढे,
थेट मुडावदला तापीत.
साक्रीकडच्या पवनचक्क्या उभ्या, हलत नव्हत्या.
कुमुद काहीच म्हणाली नाही बराच वेळ.
परतताना शहर आलं तशी म्हणाली,
‘सगळ्यांच्या गच्चीवर काळीच टाकी. आपली कोणती?’
मला सापडली नाही.

पट्टी समोर आली.
एक.
दोन.
तिसऱ्यांदा जरा जोरात, दाराची सुतळी तुटली.
‘आलो का?’ तिनं विचारलं.
‘तीनदा,’ मी म्हटलं.

शेडमध्ये वही उघडली. शेऱ्याचा रकाना कोरा.
हे डॉक्टरबाई वाचतील, लियाकत वाचेल,
आणि पुढे कधी कुणी गिऱ्हाईक
पोटाखालून सरपटून आलेलं,
कोपरं मळलेली, हेच पान शोधेल.
पेनाचं टोपण दातात धरलं.
बाहेर कुमुद पिल्लांना बिस्किटं घालत होती,
पदर अगदी सरळ खाली.
वारा नव्हता.