सात दिवसांत एक तास

बाई आल्या तेव्हा मी ओट्यावर
कोकिळाबेनचा मिक्सर उघडून बसलो होतो.
फील्ड कॉइल जळालेली. हा वास
मी झोपेतही ओळखेन.

गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चपलेचा अंगठा तुटलेला.
त्या गुजरातीत विचारत होत्या, मी मराठीत सांगत होतो;
नवापुऱ्यात असं चालतं.
नाव हणमंत शितोळे. आयटीआय गोरवा, वाइंडर.
वयातली दोन वर्षं मी खाल्ली,
गेटवर सांगून सांगून जीभ तशीच वळते.

‘गेल्या सात दिवसांत काम केलंत? एक तास तरी?’

तो एक तास मी शोधू लागलो
बसमध्ये सुटे शोधावेत तसा, मागे माणसं खोळंबलेली.
सोमवारी गहू दळून आणले.
बुधवारी सुरसागरला दोन फेऱ्या मारल्या, कारण घरी
जावयाचा फोन येणार होता.
आतून ही म्हणाली, ‘केलं की. समोर काय आहे त्यांच्या?’
‘पैसे किती?’
कोकिळाबेनकडून कसले पैसे. मुलगी आजारी होती तेव्हा
तिनेच अर्ध्या रात्री रिक्षा आणली होती.
‘मग हे काम धरत नाहीत, काका.’

बरं.

मकरपुऱ्यात आधी सहा दिवस होते. मग चार.
मग दोन, तेही अर्धे;
मशीनवरची चादर काढायची, पुन्हा घालायची,
मधल्या वेळात ट्रान्सफॉर्मरच्या रिकाम्या टाक्या पुसायच्या.
शेठ वाईट नव्हता. ‘ऑर्डर नथी’ म्हणायचा
आणि स्वतः उठून पंखा बंद करायचा.
होळीनंतर फोन करतो म्हणाला. कुठली होळी,
ते विचारायचं राहिलं.

‘मग काम शोधलंत का?’

शोधायला झेरॉक्स लागते, इस्त्री लागते,
घरून निघताना बायकोकडे न बघण्याची युक्ती लागते.
वाघोडियाच्या एका गेटवर वॉचमनच्या टोपीत सोळंकी दिसला,
माझा फोरमन.
त्याने मला पाहिलं
आणि केबिनमागे जाऊन उभा राहिला, मी जाईपर्यंत.
‘नाही,’ म्हटलं. ‘दिवाळीपासून नाही.’

टॅबवरचं बोट थांबलं.
‘शोधत असता तर बेकारांत धरलं असतं.’
‘आणि आता?’
‘आता तुम्ही त्यात येत नाही.’
‘मग कशात?’
पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला नाही. त्या रकान्यात
विद्यार्थी असतात म्हणे, म्हातारे असतात,
आणि आमची ही, जी पहाटे पाचला उठते.

चहा आला. बाई बसल्या. एमेस्सी, केमिस्ट्री.
अकरा महिन्यांचा करार, घरामागे पैसे,
दाराला कुलूप असलं तर काही नाही.
कप बशीत ठेवून हळूच म्हणाल्या,
‘साठ रुपये लिहू? मिक्सरचे?’

मी तार हातात घेतली होती.
एनॅमलची तार ताणूनच धरावी लागते, सैल पडली की गेलीच,
आणि मोजणी चुकली तर सगळे वेढे उलगडून
पहिल्यापासून.
एकशे अकरा. एकशे बारा.
बाई वाट पाहत होत्या.
ही दारात उभी.
एकशे तेरा.