माझ्या मापाची

लक्ष्मीपुरीत झैनुद्दीनशेठच्या दुकानात
मी एकशे आठ नगांची पेटी मागितली.
शेठनी ती काढली, उघडली.
प्रत्येक पान्याला मखमलीची आपापली खोबण.
मग झाकण लावून म्हणाले,
"वहिनी, यातले शंभर तुम्ही कधी हातात धरणार नाही.
आधी सांगा, त्या रात्री घरात काय नव्हतं?"

लाईट नव्हती.
ह्यांनी दिवाळीला घेतलेलं ड्रिल मशीन
चार्जिंग संपून पडलेलं, जत्रेतल्या बंदुकीसारखं.
बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांच्या वर गेलेलं,
आणि आम्ही सुतारवाड्यात
गाद्या माळ्यावर चढवत म्हणत होतो,
पायरीला लागलं तर बघू.
पायरीला लागलं तेव्हा रात्रीचे अडीच.
दार पावासारखं फुगलं, चौकटीत रुतून बसलं.
खिडकीला ग्रिल. चोरासाठी बसवलेली.
चोर कधी आला नाही,
आत आम्हीच.

भाजीची सुरी बोल्टाला लावून बघितली,
तिचं टोक वाकलं.
उलथनं.
मग वरवंटा, तोही ह्यांच्या बोटावर.

शिवाप्पा गवंडी छातीभर पाण्यातून आला,
खांद्यावर पहार.
"मागं सरा," एवढंच.
टोक भिंतीत घातलं, अंग टाकलं,
विटकरीचा चुरा पाण्यात पडल्याचा आवाज आला
आणि ग्रिल एका बाजूनं सुटली.
दुसऱ्या हिसक्याला पहार निसटली हातातून.
बुळूक.
शिवाप्पा क्षणभर तिथंच बघत राहिला,
मग रेवाला उचलून खांद्यावर घेतलं.

"पहार," मी शेठना म्हणाले. "दोन द्या.
एक पाच फुटी, शिवाप्पाला.
एक चार फुटी. मला उचलता आली पाहिजे."

हातोड्या तीन मांडल्या काउंटरवर.
जड होती ती घ्यावीशी वाटली,
शेठ म्हणाले, दहा ठोके मारून बघा हवेत.
सहाव्याला मनगट बोललं.
एक पौंडाची घेतली, बाभळीच्या दांड्याची.
हॅक्सॉ, आणि ब्लेडं सहा,
कारण घाबरलेल्या हातात ब्लेड टिकत नाही.
पक्कड. टाकीच्या व्हॉल्वला बसेल असा पाना.
दोर घेताना गाठ मारायला लावली त्यांनी,
चार गिऱ्हाइकांच्या देखत.
तीनदा सुटली.
चौथ्यांदा शेठनी स्वतः लोंबकळून बघितलं
आणि बिलातले वीस रुपये कमी केले.

आता सगळं माळ्याच्या खिळ्याला टांगलंय,
भिंतीवर पाण्याची रेघ आहे तिच्या हातभर वर.
(रेघेवर रंग मारू दिला नाही मी.)
ग्रिल नवी, आतून चार बोल्टांची.
रविवारी दिवे घालवून आम्ही ती उघडतो.
रेवाला चार मिनिटं लागतात,
ह्यांना सात, शिव्या धरून.
मशीनच्या तेलाचा वास लागतो हातांना,
पोळ्यांनाही थोडा.

गटारीतला गाळ काढताना
शिवाप्पाची पहार सापडली,
गंजून तपकिरी, मानेवर छिन्नीनं ठोकलेला 'शि'.
रॉकेलनं घासली दोन दिवस,
मग दोन्ही घेऊन गेले त्याच्याकडं.
जुनी त्यानं तळहातावर आडवी धरली,
पुढं-मागं सरकवून मध्य बघितला.
"हीच ऱ्हाऊ दे. हिचं वजन पाठ हाय मला.
नवी ठेवा तुम्ही."

मी म्हणाले, माझी आहे घरी, चार फुटी.

"चार फुटी? बुटकीच की."

"माझ्या मापाची आहे."

हसला.
पाच फुटी तशीच परत आणली मी, रिक्षात,
टोक बाहेर काढून, त्याला लाल फडकं बांधून.
गल्लीच्या तोंडाला ठेवलीय, पिठाच्या गिरणीत, उंचावर.
गिरणीवाल्याला सांगितलंय,
कुणीही मागितली तर नाव विचारत बसू नको.