पाच रात्री, सहा दिवस

द्राक्षाच्या औषधांचं टार्गेट ह्यांनी गाठलं,
म्हणून कंपनीनं आम्हा दोघांना अंताल्याला नेलं.
पाच रात्री, सहा दिवस, नाश्ता धरून.
सावळजच्या स्टँडवर, दुकानावर फ्लेक्स लागला.
त्यात आमच्या मागं जो निळा समुद्र आहे
तो तासगावच्या पोरानं कॉम्प्युटरवर टाकलेला,
आम्ही निघायच्या आठ दिवस आधी.

आता शेडवर बेदाणा निवडायला बसलं
की बायका विचारतात,
वैनी, सांगा की कसं हुतं.

मी सांगते.
पलंगावर टॉवेलाचे दोन हंस, माना जुळवलेले.
पाण्याची बाटली साडेतीनशेला.
रात्री जहाजावर जेवण, दिव्यांच्या माळा,
आणि डीलर लोकांचा नाच. तो सांगण्यासारखा नाही.
दिवसा किनाऱ्यावर गोरी माणसं
अंगाला तेल चोपडून ओळीनं पालथी,
अर्ध्या तासानं उताणी.

"आपल्या मण्यांगत?" तानूबाई म्हणते.
अगदी. डिपिंगमधनं काढून
जाळीवर पसरल्यागत.
"मग वर शेडनेट?"
छत्र्या होत्या. पण सरकून सरकून उन्हातच यायची सगळी.
"आन् माल काळा पडला म्हंजे?"
रुक्सानाच्या हातातलं सूप हसण्यानं हलतं.
अगं, काळं व्हायलाच तर येतात.
त्याचेच पैसे मोजतात.

इथं हसू थांबतं.
कुसुमची सोयरीक दोनदा मोडली, दोन्ही वेळा रंगावरून.
ती मान वर करत नाही.
"तिकडं जल्माला यायचं हुतं," म्हणते,
आणि काळा दाणा वेचून मागं टाकते.

एवढंच सांगते मी.

नाश्त्याला साठ-सत्तर पदार्थ मांडलेले,
त्यात एक काचेचं वाडगं बेदाण्याचं.
पाय तिथंच थांबले.
दोन बोटांत दाबला, उजेडाकडं धरला.
तांबूस, जरा चिकट, एकाला देठ राहिलेला,
गोडीला मात्र नाव ठेवायला जागा नाही.
हे मागनं म्हणाले, चल, लोक बघतायत.
मी मूठभर रुमालात बांधला.

शेवटच्या दिवशी पाचला जाग आली, घरच्यासारखी.
हे घोरत होते.
खाली कुणी नव्हतं. एक पोरगा तेवढा
वाळूवरनं दाताळं ओढत होता,
कालच्या पाठींचे, टाचांचे ठसे पुसत.
अंगण झाडावं तसं, मागं मागं सरत.
मी चपला काढल्या.
गाऊनसकट शिरले,
गुडघा, कंबर, मग छाती.

माझं माहेरही अग्रणीकाठचंच. पोहता येत नाही मला.
नदीलाच कधी तेवढं पाणी नसायचं.
तर ह्या पाण्यानं
मला, चोपन्न वर्षांच्या, अठ्ठ्याहत्तर किलोच्या बाईला,
पाटावरनं उठवावं तसं अलगद उचललं
आणि खाली ठेवलं.
परत उचललं.
मी मोठ्यानं काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.
पोरानं एकदा बघितलं, पाठ केली
आणि दाताळं ओढत लांब गेला.
त्याच्या आईनं त्याला चांगलं वळण लावलंय.

वर आले तेव्हा ह्यांनी विचारलं, एवढ्या लवकर आंघोळ?
हो म्हणाले.

रुमाल गाऊनच्या खिशातच राहिला होता.
घरी येऊन दाणे पत्र्यावर वाळवले,
आणि काल दुपारी, कुणी बघत नसताना,
ढिगात मिसळून दिले.

चार टन माल.
कुसुमनं तासाभरात त्यातले अकरा वेगळे काढले.
"ह्यो आपला न्हाई, वैनी."
एक तोंडात टाकला, थांबली,
माझ्याकडं बघितलं.

"खारट लागतोय."

मी म्हटलं, बघू.
आणि दोघी एकेक दाणा चघळत बसलो,
तिला विचारायचं नव्हतं,
मला सांगायचं होतं,
आणि वजनकाट्यापाशी हे आकडे ओरडत होते.