पेनड्राइव्ह काढल्यावर

नारिनच्या शाळेत अकरा संगणक आहेत.
सातांच्या हार्ड डिस्क मेल्या,
चारांच्या कुणीतरी हिवाळ्याच्या सुट्टीत काढून नेल्या,
स्क्रू मात्र नीट परत बसवून.

म्हणून पोरं आपापली सिस्टीम घेऊन येतात.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ह्यांचं गळ्यात:
मेंढीच्या लोकरीत ओवलेला अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह.
बोटांवर फुंकर घालत एफ-बारा दाबायचं,
यादीतली तिसरी ओळ,
मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची लगबग
आणि कालचाच पसारा, आज दुसऱ्या बाकावर.
नुरपेरीच्या पडद्यावर घोडा. एर्निसच्या नुसतं निळं.
एर्निस म्हणतो, निळ्यानं लवकर सुरू होतं.
मी नाही म्हणत नाही.

मंगळवारी त्यानं चालू यंत्रातूनच तो उपटला.
दारात काका, गाडी सुरू, बाहेर उणे अठरा.
पोरगा गेला.
संगणकाला पत्ताच नाही.
बाण हलत होता, घड्याळ मिनिटं पुढे ढकलत होतं,
अर्धा निबंध उघडाच.
मी एक ओळ टाइप करून पाहिली, तीही उमटली.
जेवढं डोक्यात घेतलं होतं
तेवढ्यावर त्याचं चाललं होतं.

मी कोट घालून तशीच बसले.

सागिनबेक याकूतियाच्या खाणीत गेला, त्या पानगळीत
आमचंही असंच चाललं होतं.
सहाला शेगडी. दोन पेले चहा, दुसरा मीच प्यायचे.
दाराच्या कड्या त्याच्या पद्धतीनं, आधी खालची.
शेजारीण म्हणाली, बरी सावरलीस.
सोळाव्या दिवशी धाकटीनं विचारलं,
आई, कोळशाच्या खोलीची किल्ली कुठे असते?

एवढंच.
हातात कढई, आणि मी उभी.

वर्गात अंधारून येत होतं.
मी त्या यंत्राकडे साधंच काहीतरी मागितलं,
बेरीज-वजाबाकीचं,
जे एर्निसनं आज उघडलं नव्हतं.
बाणाच्या जागी चक्र फिरू लागलं. मग तेही थांबलं.
घड्याळात चार बेचाळीस.

बटण पाच सेकंद दाबून धरलं.
त्याचं जे होतं ते त्याच्या गळ्यात
एव्हाना पुलापलीकडे पोचलंही असेल.
मी टाइप केलेली ओळ मात्र
आता कुठेच नाही.

किल्ली? चौकटीवर होती, वर, धुळीत.
स्टूल ओढून धाकटीनंच शोधली.